कानात एक, तोंडात दुसरं

अँकर व्हायचंय असं सांगणाऱ्या मुला-मुलींच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ हमखास असतो. मागे निळा पडदा, अंगात उसना ब्लेझर, आणि पाठ केलेल्या चार बातम्या खणखणीत आवाजात. उच्चार बरे असतात, चेहराही बरा असतो, पण निवड करणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही. वाचता पुष्कळांना येतं. मराठी वृत्तवाहिनीवर अँकरची परीक्षा होते ती टेलिप्रॉम्प्टर (कॅमेऱ्यासमोर वाचायचा मजकूर दाखवणारं यंत्र) कोरा पडल्यावर, कानात पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममधून, कुणीतरी "अजून दोन मिनिटं ओढ, लाइव्ह लागत नाहीये" म्हणत असताना. त्या दोन मिनिटांत काय बोलायचं हे कुठल्या वर्गात येत नाही, जिल्ह्यात फिरून येतं. म्हणून माझं मत सरळ आहे: त्या खुर्चीत बसायचं असेल तर आधी दोन-तीन वर्षं बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, हातात घेऊन रस्त्यावर काढा.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील ही मंडळी तिथे बातम्या सांगायची. त्यांना वृत्तनिवेदक म्हणत, आणि शब्द नेमका होता. बातमीपत्राची वेळ ठरलेली, कागद हातात, शेवटचं पान संपलं की नमस्कार. २००० मध्ये ईटीव्ही मराठी आलं, बातमीपत्रं हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. मग २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा (२०१२ पासून एबीपी माझा), पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत. चोवीस तास भरायचे म्हटल्यावर निवेदक मागे पडला आणि अँकर आला. निवेदकाचं बातमीपत्र संपायचं. अँकरची फक्त शिफ्ट संपते.

न्यूजरूमचे ढोबळ दोन भाग. इनपुट म्हणजे बातमी आणणारी बाजू: रिपोर्टर, ब्युरो (शहरा-जिल्ह्यातलं कार्यालय), स्ट्रिंगर (पगारी नसलेला स्थानिक बातमीदार), कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवणारा असाइनमेंट डेस्क. आउटपुट म्हणजे ती पडद्यावर नेणारी: कॉपी एडिटर, प्रोड्यूसर, व्हिडिओ एडिटर, ग्राफिक्स, अँकर. दोघांमध्ये रनडाऊन नावाची यादी असते, कुठली बातमी कितव्या नंबरला, किती सेकंद, कुठल्या स्वरूपात. नवखा माणूस बहुतेकदा आउटपुटला लागतो, टिकर (पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी) आणि झटपट बातम्यांच्या 'सुपरफास्ट'च्या ओळी लिहायला. हे काम हलकं समजू नका. सात-आठ शब्दांत बातमी बसवायची सवय इथेच लागते, आणि चूक झाली तर ती पडद्याच्या तळाशी तासभर फिरत राहते.

लिहिण्याचं गणित साधं आहे. मराठीत ऐकणाऱ्याला झेपेल असा वेग साधारण सेकंदाला दोन शब्द. तीस सेकंदांचं अँकर लीड (बातमीची अँकरनं वाचायची सुरुवात) म्हणजे साठ शब्द, त्याहून जास्त लिहिलं की अँकर पळायला लागतो. वर्तमानपत्रातून आलेला माणूस असं लिहितो: "पाणलोट क्षेत्रात गेल्या चोवीस तासांत झालेल्या संततधार पावसामुळे पंचगंगा नदीच्या पाणीपातळीत लक्षणीय वाढ झाली असून नदीने इशारा पातळी ओलांडली आहे." क्रियापद येईपर्यंत प्रेक्षक सुरुवात विसरलेला असतो. टीव्हीसाठी तेच असं होतं: "पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडलीय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांच्या वर गेलंय. धोक्याची पातळी आहे त्रेचाळीस फूट. म्हणजे उरले चार फूट." एका वाक्यात एक गोष्ट. 'असून', 'तर', 'दरम्यान' ही जोडकामं शक्यतो काढून टाकायची. 'दरम्यान' तर मराठी बातम्यांतली पेव्हर ब्लॉकसारखी चीज झालीय, खड्डा दिसला की टाका.

याच बातमीत आकड्यांची गल्लत ठरलेली. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. त्यात 'प्रति सेकंद' आधीच आलं. तरी पावसाळ्यात रोज कुणीतरी 'क्युसेक प्रति सेकंद' म्हणतंच. टीएमसी हा साठा: एक अब्ज घनफूट. विसर्ग सांगताना टीएमसी आणि साठा सांगताना क्युसेक म्हणणारा अँकर सांगली-कोल्हापूरच्या प्रेक्षकाला लगेच कळतो, कारण तिथल्या शाळकरी पोरालाही कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे हे माहीत असतं. एक हिशेब पाठ ठेवा: साडेअकरा हजार क्युसेकनं चोवीस तास विसर्ग चालला की सुमारे एक टीएमसी पाणी जातं. धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि हातात काहीच नसलं, की या एका हिशेबावर पुढची चार वाक्यं उभी राहतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा चाळीस फुटांवर, धोका पंचेचाळीसवर. हे कागदावर लिहून डेस्कच्या काचेखाली ठेवलं तरी चालतं, पण पूर एकदा जवळून पाहिलेल्याला कागद लागत नाही.

गावांची नावं हा दुसरा सापळा. शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. कर्जत रायगडात आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. कारंजा लाड वाशीमला, कारंजा घाडगे वर्ध्याला. खेड, कळंब, मालेगाव, सगळ्यांच्या जोड्या आहेत. रिपोर्टरनं नुसतं 'कर्जतमध्ये अपघात' असं व्हॉट्सअ‍ॅप केलं की डेस्क नकाशावर एक कर्जत उचलतं, ग्राफिक्सवाला त्याचा नकाशा लावतो, आणि फाइल फुटेज तिसऱ्याच ठिकाणचं जातं. उपाय एकच: स्लगमध्ये (बातमीला दिलेल्या फाइलच्या नावात) आधी जिल्हा, मग तालुका, मग विषय, शेवटी तारीख. जुनी दृश्यं वापरायचीच असतील तर 'फाइल' अशी पट्टी, म्हणजे बँड, पूर्ण वेळ ठेवायचा, दोन सेकंद चमकवून काढायचा नाही.

आता मैदान. जिल्ह्यातल्या रिपोर्टरचा दिवस सकाळच्या मीटिंगआधी सुरू होतो, कारण मीटिंगला ब्युरोकडून दिवसाचा प्लॅन जायचा असतो. मोठ्या शहरात कॅमेरामन सोबत असतो. तालुक्यात रिपोर्टर, कॅमेरामन, एडिटर आणि ड्रायव्हर एकाच दुचाकीवर एकाच माणसाच्या अंगात बसलेले असतात. शूटचे नियम त्यामुळे त्यालाच पाळावे लागतात. प्रत्येक शॉट मनात दहा अंक मोजेपर्यंत स्थिर धरायचा. तीन सेकंदांचा शॉट एडिटरला कापता येत नाही. आधी वाइड, मग मिड, मग क्लोज: हात, चप्पल, फुटलेली काच, सातबाऱ्यावरचा शिक्का. अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज घ्यायचा, कुणी न बोलता. ट्यूबलाइटखाली फ्लिकर, म्हणजे चित्राची लुकलुक, दिसला तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणायचं. आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे आणि त्याखेरीज दुसरं काही कारण नसतं.

बाइट, म्हणजे कॅमेऱ्यापुढे कुणाचं तरी बोलणं, घेताना पहिला प्रश्न: "नाव आणि हुद्दा सांगा." कॅमेरा चालू असताना. अ‍ॅस्टनवर, म्हणजे बोलणाऱ्याच्या नावाच्या पट्टीवर, नाव चुकतं ते या एका प्रश्नाच्या आळसानं. दुसरं, माणसाला तुमच्याकडे बघू द्या, लेन्सकडे नको. लेन्सकडे बघायचा हक्क रिपोर्टर आणि अँकरचा. हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न विचारू नका, कारण तुमचा प्रश्न एडिटमध्ये उडतो आणि उरतं नुसतं "हो, झालं ना". पडद्यावर बाइट बारा ते वीस सेकंदांचा चालतो. म्हणजे अर्धा तास बोललेल्या सरपंचांचे पंधरा सेकंद जातात आणि ते रात्री फोन करतात. हेही कामात धरा.

पॅकेज, म्हणजे दृश्यं, बाइट आणि निवेदन जोडून तयार केलेली बातमी, दीड-दोन मिनिटांचं. सर्वांत बोलकं दृश्य पहिलं, सर्वांत महत्त्वाची माहिती नव्हे. माहिती अँकरनं लीडमध्ये सांगितलेलीच असते. व्हीओचं (दृश्यांवरच्या निवेदनाचं) पहिलं वाक्य लीडचंच पुन्हा म्हणणारं असलं की प्रेक्षक रिमोट उचलतो. पीटीसी, म्हणजे रिपोर्टरनं कॅमेऱ्याकडे बघून बोललेला तुकडा, शेवटी टाकायची पद्धत आहे, पण जिथे दृश्यं नाहीत तिथे मधे टाकलेली जास्त उपयोगी पडते: कोर्टाच्या आत कॅमेरा जात नाही, मग आत काय झालं ते पायऱ्यांवर उभं राहून सांगा. 'कॅमेरामन अमुकसह तमुक' म्हणण्याआधी श्वास घ्यायला विसरू नका, शेवटचा शब्द गिळला जातो.

पाठवणं ही तालुक्यातली खरी डोकेदुखी. पंचवीस मेगाबिटच्या सेटिंगवर एका मिनिटाचं फुटेज १९० एमबीच्या आसपास होतं. डोंगराखालच्या गावातून ते जाणार नाही. पाच मेगाबिटवर काढलं तर मिनिटाला ४० एमबीच्या आत बसतं आणि मोबाइल, टीव्ही दोन्हीकडे चालून जातं. सगळं फुटेज एकदम ढकलायचं नाही. आधी दोन बाइट आणि आठ-दहा शॉट, मग बाकीचं. डेस्कला आत्ता हवं असतं, सगळं नको असतं.

लाइव्हसाठी ओबी व्हॅन (उपग्रहाची डिश असलेली गाडी) आता मोजक्या ठिकाणी दिसते. बाकी सगळं पाठीवरच्या बॅगेवर चालतं. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असतात आणि यंत्र चित्राचे तुकडे करून सगळ्यांवरून एकदम पाठवतं. सभेच्या मैदानात नेमकं हेच फसतं. पन्नास हजार लोक एकाच टॉवरवर व्हिडिओ करत असतात. तेव्हा स्टेजजवळची जागा सोडून गर्दीच्या कडेला, शक्य तर गच्चीवर जायचं आणि नेता येण्याच्या तासभर आधी लाइन तपासून घ्यायची. चित्र तुटत असेल तर डेस्कला बफर वाढवायला सांगायचं. चित्र सुधारतं, उशीर वाढतो.

हा उशीर अँकरनं समजून घ्यायचा असतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, वर एन्कोडिंगचा वेळ. बॅगेवरून दोन सेकंद सहज. अँकरनं प्रश्न विचारून गप्प बसायचं. दोन सेकंद शांतता झाली म्हणून "आवाज येतोय का?" विचारलं की तिकडे उत्तर सुरू झालेलं असतं, ते थांबतं, पुन्हा सुरू होतं, आणि दोघंही एकमेकांना "हो, बोला" म्हणत राहतात. प्रश्न एकच विचारायचा. तीन प्रश्नांची माळ लावली की रिपोर्टर शेवटच्याचं उत्तर देतो. पहिले दोन अँकरही विसरलेला असतो.

रिपोर्टरच्या कानात जो आवाज जातो, त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वजा करून पाठवायचा असतो. ऑडिओवाले त्याला मिक्स मायनस म्हणतात. ते विसरलं की रिपोर्टरला स्वतःचंच बोलणं दोन सेकंदांनी परत ऐकू येतं आणि माणूस दारू प्यायल्यासारखा अडखळायला लागतो. प्रेक्षकाला वाटतं, याला बोलता येत नाही. असं झालं तर इयरफोन कानातून काढायचा, वाक्य पूर्ण करायचं, आणि नव्वद सेकंदांत स्वतःहून "स्टुडिओत परत जाऊया" म्हणायचं. जवळच्या पानटपरीवर आपलंच चॅनेल लागलेलं असेल तर तो आवाजही माइकमध्ये जातो. आधी जाऊन टीव्ही बंद करायला सांगा, मालक ऐकतो.

स्टुडिओत आल्यावर पहिली मारामारी टेलिप्रॉम्प्टरशी. कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशात काच, खाली उलटं अक्षर दाखवणारा मॉनिटर. एका ओळीत तीन-चार शब्द बसतात. जुन्या फॉन्टमधली कॉपी युनिकोडमध्ये येताना रफार उडतो, 'वाऱ्या'चा 'वार्‍या' किंवा चौकोन होतो, जोडाक्षरं फुटतात. बुलेटिनआधी सगळी स्क्रिप्ट एकदा प्रॉम्प्टरवर सरकवून बघायचीच. आकडे अक्षरात लिहून घ्यायचे. ७९ दिसल्यावर 'एकोणऐंशी' सुचायला पाव सेकंद जास्त लागतो आणि तेवढ्यात तोंडून 'एकोणनव्वद' निघून जातं. १.५ लाख लिहिलं असेल तर 'एक पूर्णांक पाच लाख' वाचणारे निघतात. 'दीड लाख' लिहा. अडीच, पावणेतीन, साडेबाराशे हे आपल्या भाषेचं वैभव आहे, पडद्यावर वापरावं.

उच्चारांत न-ण, ल-ळ यावर सगळे घसा फोडतात, पण जास्त चुका च-ज-झ मध्ये होतात. 'चाक' आणि 'चाकू', 'चारा' आणि 'चार', 'माझा' आणि 'माझी': अक्षर तेच, उच्चार वेगळा. लिपी मदत करत नाही, कानच करतो. वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी हेल मात्र रिपोर्टरनं मुद्दाम पुसू नये, असं मला वाटतं. बातमी त्या मातीतली असते, आवाज पुण्याचा कशाला हवा? अँकरला थोडं सपाट बोलावं लागतं, कारण त्याला छत्तीसही जिल्हे ऐकतात.

कपड्यांचं पटकन: बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात लहरतो, मागे हिरवा पडदा असेल तर हिरवी साडी नको, लॅपल माइक हनुवटीखाली वीतभर, मंगळसूत्र किंवा रेशमी पदर त्यावर घासणार नाही असा. बांगड्या टेबलावर आपटतात. आणखी काही नाही.

मग टॉकबॅक. अँकरच्या कानात प्रोड्यूसर सतत असतो. "दहा सेकंद." "पुढचं पॅकेज नाही, थेट फोनोवर (रिपोर्टरच्या फोनवर) जा." "ब्रेक." हे ऐकताना चेहऱ्यावर उमटता कामा नये आणि चालू वाक्य अर्धवट सुटता कामा नये. ब्रेकिंग आलं की स्क्रिप्ट म्हणून चार ओळी मिळतात. त्या एकदा सांगून झाल्यावर क्रम असा ठेवावा: नक्की काय कळलंय, कुणी सांगितलंय, काय अजून कळायचंय, या ठिकाणी याआधी काय झालं होतं, आणि पुढची अधिकृत माहिती कुठून येणार. मृतांचा आकडा स्रोताचं नाव घेऊनच, आणि दोन आकडे असतील तर प्रशासनानं दुजोरा दिलेला. नावं घरच्यांना कळण्याआधी नाहीत. पाच मुद्द्यांतले शेवटचे दोन डेस्क देऊ शकत नाही. तिथे जिल्हा फिरलेला अँकर वेगळा दिसतो.

मतमोजणीचा दिवस याचा कळस. सकाळी आठला टपाली मतं, अर्ध्या तासानं यंत्रं. विधानसभेच्या एका मतदारसंघाला बहुधा चौदा टेबलं, म्हणजे एका फेरीत चौदा केंद्रं. केंद्रं क्रमांकानं मोजली जातात, त्यामुळे पहिल्या चार फेऱ्यांत तालुक्याची एकच बाजू उघडते. "सहाव्या फेरीनंतर शहर सुरू होईल, तेव्हा ही आघाडी टिकणार नाही" हे वाक्य ज्याला सुचतं त्यानं केंद्रांची यादी आदल्या रात्री पाहिलेली असते. २८८ जागा, बहुमत १४५, हे तर स्वप्नातही यावं. 'आघाडीवर' आणि 'विजयी' यांत गल्लत करू नका. त्या दिवशी चॅनेलची चूक प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर दिसते.

कायद्याची मोजकी कलमं पाठ हवीत. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमाखाली गुन्हा आहे, बालकांबाबत बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायद्याचं २३वं आणि बाल न्याय कायद्याचं ७४वं. फक्त चेहरा ब्लर करून भागत नाही. आईचं नाव, शाळेची पाटी, गल्लीतलं दार, यातलं एक दिसलं तरी गावाला कळतं. लाइव्हमध्ये ब्लर नसतो, म्हणून अशा घरासमोरून लाइव्ह करायचंच नाही. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपणाला केबल नेटवर्क नियमांनी २०१५ पासून मनाई आहे. नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं.

पैशाबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. स्ट्रिंगरला बहुतेक ठिकाणी लागलेल्या बातमीमागे पैसे मिळतात. दिवसभर पाठवलेली बातमी ड्रॉप झाली तर पेट्रोल स्वतःचं. १९५५चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांसाठी होता, टीव्ही त्यात नव्हताच. अँकरची सकाळची शिफ्ट पहाटे चार-पाचला सुरू होते. गुरुवारी कुठलं चॅनेल किती पाहिलं गेलं ते मोजणाऱ्या बार्कचे आकडे येतात आणि न्यूजरूमचा मूड त्यावर ठरतो. बातम्यांचे आकडे २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले ते चार आठवड्यांच्या सरासरीनं, त्यामुळे एका आठवड्याचं यश-अपयश आता तितकं उघडं पडत नाही. तेवढंच बरं. चाळिशीनंतर पुष्कळ जण आउटपुटला प्रोड्यूसर होतात, ब्युरो सांभाळतात, किंवा स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढतात. मैदानाची ओळख असलेल्यांचं तिथे चालतं, कारण फोन उचलणारी माणसं त्यांच्याकडे असतात.

ऑडिशनसाठी निळ्या पडद्याचा व्हिडिओ पाठवू नका. तुमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर जा, फोन उभा करा, एका कानात इयरफोन घालून आकाशवाणीच्या बातम्या लावा, आणि दोन मिनिटं कागदाशिवाय सांगा: इथून किती गाड्या सुटतात, कुठली फेरी बंद झाली, का झाली, कुणाला विचारलंत. दोन मिनिटं झाली की रेडिओवर शेवटची बातमी कुठली लागली होती तेही सांगा. पहिल्या दिवशी सांगता येणार नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यात यायला लागतं.